डब्यावर तुझा फोटो

करुणा,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी एक अक्षर बोलले नाही. सगळ्यांना नवल वाटलं. एकाच कॉलेजात, एकाच प्रयोगशाळेत तुझ्याबरोबर रसायनशास्त्र शिकवत म्हातारी झालेली, तुझ्या घरात कोणता डबा कुठे असतो हे ठाऊक असलेली बाई, आणि माईक हातात आला तर तो तसाच पुढे दिला. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "दुख में हैं बेचारी." दुःखात होते, खोटं कशाला बोलू. पण गप्प बसले ती रागाने. आणि राग तुझ्या मुलाचा आला होता, म्हणून तुला सांगणं भाग आहे.

वंदना झाली, भन्तेजी बोलले, तुझे विद्यार्थी बोलले. मग सुमेध उभा राहिला. जबलपूरच्या घमापुरातल्या आपल्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाला बोलून बोलून दमवणारा हा मुलगा वाक्यावाक्याला अडखळत होता. म्हणाला, आईने आयुष्यभर ज्या मुळीवर संशोधन केलं, तिच्या कॅप्सूल एक कंपनी काढणार आहे आणि डब्यावर आईचा फोटो असणार आहे. "मम्मी का काम घर-घर पहुँचेगा." दोघंतिघं 'साधु, साधु' म्हणाले. एका बाईने डोळ्याला पदर लावला. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "प्रमिला मावशी पण सोबत होत्या. त्या लिहून देतील." आणि माईक माझ्याकडे आला.

आयुष्यभर नव्हे, करुणा. नोकरीची शेवटची काही वर्षं. मला तिथेच उठून ही चूक दुरुस्त करावीशी वाटली, एवढ्या सगळ्यात नेमकी हीच. मी अशीच आहे, तुला माहीत आहे.

त्या मुळीचं नाव माका. आपल्या लोकांना माका म्हटलं की केसांच्या तेलातला माका आठवतो. हा तो नव्हे. हा दक्षिण अमेरिकेतल्या उंच, गारठलेल्या डोंगरांवरचा कंद, मुळा-मोहरीच्या कुळातला, दिसायला शलगमाचा धाकटा भाऊ. आपल्याकडे तो आला तोच भुकटी होऊन, आणि बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानांत थेट ताकद, तारुण्य आणि मूलबाळ या तिन्हींची हमी घेऊन बसला. आपलं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तुझ्या वर्गात ती मुलगी उभी राहीपर्यंत.

नवीन लग्न झालेली होती, एम.एस्सी. करत होती, आणि सासू रोज दुधातून ती भुकटी पाजत होती. भर वर्गात तिने विचारलं, "मॅडम, इससे सच में बच्चा होता है क्या?" वर्ग फिदीफिदी हसला. तू हसली नाहीस. म्हणालीस, "पता नहीं. पता करेंगे." मधल्या सुट्टीत मी तुला चिडवलं, आता बाई दाई होणार म्हणून. तू चहा पीत म्हणालीस, "हसून काहून राहिली? ती पोरगी रोज पिऊन राहिली, अन् आपण रसायनवाल्या असून आपल्याले त्याच्यात काय हाय ते माहीत नाही. लाज वाटली पाहिजे आपल्याले."

मग आपण बाजारातले डबे आणून तपासायला लागलो. त्या कंदात एक खास द्रव्य असतं, दुसऱ्या कुठल्या झाडात सहसा न सापडणारं, त्याच्यावरूनच असली-नकली ओळखता येतं. काही डब्यांत ते होतं, काहींत नावालाही नव्हतं. एका डब्यात तर शिंगाड्याचं पीठच असावं, असा तुझा संशय होता. तू ते चाखलंसही. प्रयोगशाळेत बसून कोण नमुना चाखतं, म्हणून मी ओरडले, तर म्हणालीस की उपवासाला चालेल.

प्रयोगशाळेत मी काटेकोर आणि तू भोंगळ, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. माझ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या, तुझ्या बाटल्यांवर पेनाच्या खुणा. तरीही आपलं जमलं. दोघींचे बाप विदर्भातून इथल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात आले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्यं वेगळी झाली, सगळे नातेवाईक सीमेच्या पलीकडे राहिले आणि पगार अलीकडे. आपण इथल्याच झालो. दिवसभर हिंदीत शिकवायचं, हिंदीत भाजी घ्यायची, हिंदीत डॉक्टरला दुखणं सांगायचं. भांडायला तेवढी मराठी, आणि तीही फक्त तुझ्याशी. मी सदर भागात एकटी राहणारी, माझ्या भिंती तर मुक्याच.

मग तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने उत्तरेकडच्या पहाडातून ताजे कंद पाठवले. तिकडे थंडीत कोणीतरी बी लावून बघितलं होतं. पार्सल उघडल्यावर आपण दोघी लहान पोरींसारख्या खूश झालो. आणि मग आपण दोघींनी मिळून जी चूक केली, ती शिकलेल्या रसायनवाल्यांनाच करता येते. अडाण्याला जमलीच नसती.

आपल्याला शिकवलं होतं की झाडपाल्याचा नमुना आला की एक क्षण घालवू नका. धुवा, कापा, लगेच भट्टीत वाळवा, म्हणजे आतलं काही बदलणार नाही. मी तसंच केलं, अगदी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. तूही या वेळी माझ्याइतकी नेटकी वागलीस. दुसऱ्या एका संस्थेच्या यंत्रावर कितीतरी दिवस थांबून नंबर मिळवला, आणि आलेखावर जिथे त्या द्रव्याचा उंचवटा यायचा तिथे सरळ रेघ. सपाट. बाजारच्या भुकटीत उंचवटा आणि आपल्या ताज्या, शुद्ध कंदात काही नाही! आपण त्या बिचाऱ्या विद्यार्थ्यालाच झापलं, की बाबा, तू शलगम पाठवलेस.

पुढल्या हिवाळ्यात परत पार्सल आलं. एका रविवारी मी तुझ्या घरी आले तर तू गच्चीवर. जुनी चादर पसरलेली, तिच्यावर ते कंद आख्खेच मांडलेले, आणि तू शेजारी बसून वर्तमानपत्राने माश्या वारते आहेस.

"हे काय चाललंय?"

"वाळवून राहिली. दिसत नाही काय?"

"हे संशोधन आहे की सांडगे?"

"तिथले लोक असंच वाळवतात गं. राती बर्फानं थिजते, दिवसा उन्हानं सुकते, असं कितीतरी दिवस. म्या वाचलं. आपण त्याले आल्याआल्या भट्टीत घातलं. त्याले बनायले वेळच नाही देला."

शेजारणीने पलीकडच्या गच्चीवरून विचारलं, "दीदी, शलजम का अचार डलेगा क्या?" तू म्हणालीस, "हाँ, अगले साल खाना." जबलपूरच्या थंडीत काही बर्फ पडत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ते कंद तुझ्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात जायचे आणि सकाळी पुन्हा गच्चीवर. सुमेध वैतागायचा, "मम्मी, माणसांनी आइसक्रीम खायचं की नाही?" मी सांगत होते की याला शास्त्र म्हणत नाहीत, तापमान नोंदलेलं नाही, धूळ उडते आहे, माश्या बसताहेत. तू ऐकलं नाहीस.

आणि उंचवटा आला. लहानसा, पण अगदी त्याच जागी. ताज्या कंदात ते द्रव्य जवळपास नसतंच. थंडीने पेशी फुटतात, आत वेगवेगळे राहिलेले पदार्थ एकमेकांना भेटतात, आणि सावकाश वाळता वाळता ते तयार होतं. आपण कंदातलं काही बदलू नये म्हणून इतकं जपलं, की त्यात काही झालंच नाही. आलेख हातात घेऊन तू कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होतीस आणि माझ्याकडे न बघता हसत होतीस. 'मी सांगितलं होतं' असं तू म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर परवडलं असतं. जगाला हे आधीच ठाऊक होतं, आपण काही नवीन शोधलं नव्हतं. पण मला आठवतं, त्या दिवशी आपण सदरला जाऊन दोन-दोन प्लेट चाट खाल्ली होती.

द्रव्य सापडलं, पण त्या मुलीचा प्रश्न तसाच होता. ते पोटात गेल्यावर काय होतं? उंदरांवर पुष्कळ लिहिलेलं सापडलं, उंदरांची मजाच होती म्हणायची. माणसांवरचे अभ्यास मोजके, लहान, थोड्या आठवड्यांचे. कुठे फरक पडल्यासारखा दिसे, कुठे नाही. आणि ज्यांना नुसती पिठाची गोळी दिलेली, त्यांनाही बरं वाटलेलं असे. त्यातून ठाम काही निघेना.

ती मुलगी तुझ्या घरी परत आली तेव्हा मीही होते. शिक्षण सुटलेलं, मूल नव्हतं, हातात तोच डबा. तिने विचारलं, "मॅडम, पता चला?" मला वाटलं, आता तरी तू काहीतरी गोड बोलशील. तू म्हणालीस, "नहीं बेटा. अभी भी पता नहीं. तुम दोनों डॉक्टर को दिखाओ, दोनों." तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ती गेल्यावर आपलं जे भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

मी म्हटलं, एक 'शायद' म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं? आशेवर माणूस चार दिवस सुखाने काढतो. तू भांडी घासत होतीस, हात थांबला नाही तुझा. "अन् मंग ती डॉक्टरकडे नाही जाईन. डबेच आणत राहीन. माह्या तोंडचं 'शायद' ती 'हो' म्हणूनच ऐकीन, प्रमिला." मी म्हटलं, तू निर्दय आहेस. तू म्हणालीस, "असीन." आणि भांडी पुसायला माझ्या हातात दिलीस.

गंमत बघ. भट्टी आणि तराजू यांच्या बाबतीत मी कडक आणि तू सैल. पण तोंडातून शब्द काढायची वेळ आली की मी सैल व्हायची, आणि तू जागची हलायची नाहीस. ते भांडण मी पुढेही कितीदा उकरून काढलं. तू प्रत्येक वेळी ऐकून घेतलंस आणि प्रत्येक वेळी तिथेच उभी राहिलीस.

मग गेल्या वर्षी तुझा थकवा सुरू झाला. एका रविवारी आले तर तू पलंगावर बसून पेलाभर दूध पीत होतीस आणि दुधाला त्या भुकटीचाच वास, भाजलेल्या मुळ्याचा. मी कपाळाला हात लावला. "करुणा, तू? तूसुद्धा?" तू नाक मुरडून घोट घेतलास.

"फरक पडतो का?" मी विचारलं.

"मले बरं वाटून राहिलं, हे मी सांगू शकतो. याच्यानं बरं वाटून राहिलं, हे नाही सांगू शकत."

"मग पितेस कशाला?"

तू दाराकडे बघितलंस. सुमेध दुकानात गेलेला होता. तरी आवाज बारीक केलास. "पोरगा दुकान उघडायच्या आधी उठते, आपल्या हातानं दूध गरम करते, घोटून देते. त्याचा बाप गेल्यापासून त्यानं माह्यासाठी असं काही केलं नव्हतं. मी नाही म्हणू काय?" मग माझ्याकडे बघून हसलीस. "वास घाण हाय, पण."

एवढंच. यानंतर आपण या विषयावर बोललो नाही. आणि पुढे बोलायला तू राहिली नाहीस.

पुण्यानुमोदनानंतर सुमेध माझ्या खोलीवर आला. नमुन्याचा डबा घेऊन आला होता. हिरवा डबा, त्यावर तुझा फोटो, निरोप समारंभातला, ज्यात तू डोळे अर्धे मिटलेस. खाली लिहिलेलं, एका वैज्ञानिक आईचा आशीर्वाद. मी डबा हातात घेतला आणि मला रडू आलं, कारण तुझा चेहरा पुन्हा दिसला होता. त्याला वाटलं, मावशी तयार झाली. म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त दोन लाईन लिहून द्या. की मम्मी ने इस पर काम किया और यह असर करती है."

"ती असं कधी म्हणाली नाही रे."

"पण ती स्वतः घेत होती ना!"

"घेत होती."

"तिला फायदा होऊन राहिला होता. मी पाहून राहिलो होतो रोज. शेवटच्या महिन्यात पण ती उठून बसत होती. डॉक्टर ख़ुद हैरान था." त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मी रोज दिलं मावशी. एक दिन नागा नहीं किया. मैंने अपने हाथ से दिया. तुम्ही सांगा, त्याने ती थोडी तरी जास्त राहिली की नाही?"

तेव्हा मला कळलं की त्याला कंपनी नको आहे, कॅप्सूल नकोत, डबाही नको. त्याला एवढंच ऐकायचं आहे की त्याच्या हाताने त्याच्या आईला काही दिवस मिळाले. आणि ते सांगायला जगात मी एकटीच उरले आहे.

करुणा, 'शायद' माझ्या ओठांवर होतं. अगदी पुढच्या दातांपर्यंत आलेलं. आपलं सगळं भांडण मी जिंकल्यात जमा होतं, कारण समोर तुझंच पोर होतं आणि तू नाही म्हणायला नव्हतीस. पण तो 'शायद' डब्यावर छापला गेला असता, तुझ्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांखाली, आणि बड्या फुहाऱ्यावर कोणा सासूने तो डबा उचलला असता.

मी म्हटलं, "माहीत नाही, बेटा."

मला वाटतं, कुणी थोबाडीत मारावी तसं त्याला झालं. मग मी घाईघाईने तेही सांगून टाकलं, जे तू दाराकडे बघून, आवाज बारीक करून सांगितलं होतंस. म्हटलं, बेटा, ती औषध म्हणून पीत नव्हती, तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. वासही आवडत नव्हता तिला. तू सकाळी उठून करून द्यायचास म्हणून पीत होती. तुझ्यासाठी पीत होती.

मला वाटलं होतं, हे ऐकून त्याला बरं वाटेल. पण त्याने विचारलं, "मतलब तिला माहीत होतं, याने काही होत नाही?"

"तसं नाही रे. तिला माहीत नव्हतं. कोणालाच—"

"अन् मला बोलली नाही."

त्याने डबा उचलला. जाताना पाया पडला, नेहमीसारखा. पण माझ्याकडे बघितलं नाही, आणि 'येतो' म्हणाला नाही.

त्यानंतर दोन ओळींचा निरोप आला, हिंदीत. कंपनीला 'नाही' म्हणून सांगितलं, फोटो परत आणला. खाली नाव नाही, नमस्कार नाही. मी फोन केला, उचलला नाही. दुकानावरून रिक्षाने गेले, तो आत होता, गिऱ्हाइकाशी बोलत होता, पूर्वीसारखाच. मला उतरायचं धाडस झालं नाही. ऑटोवाल्याला म्हटलं, भैया, आगे चलो.

तुझं नाव राखलं मी. तुला हवं होतं तसंच झालं. याचा आनंद व्हायला हवा आणि तो जराही होत नाही. जी गोष्ट तू फक्त मला सांगितली होतीस, ती मी त्याला दिली, आणि आता त्याला रोजची ती सकाळ आठवत असेल तेव्हा त्यात आईचं नाक मुरडणंही दिसत असेल. तू सांगितलं असतंस का त्याला? की दूध जसं निमूट प्यायलीस, तशीच इथेही गप्प राहिली असतीस? 'माहीत नाही' म्हणायचं हे तुझ्याकडून शिकले. पण ते ऐकून समोरचा उठून गेल्यावर रिकाम्या खोलीत बसायचं कसं, हे तू सांगितलं नाहीस. तुलाही बसावं लागत असेल. त्या मुलीच्या वेळी मी तुला निर्दय म्हटलं आणि घरी निघून आले, तू मागे एकटीच होतीस.

आज रविवार आहे. मी सकाळीच साडी नेसून तयार झाले आणि मग खुर्चीत बसून राहिले. पूर्वी मन इतकं दुखावलं की मी तुझ्याकडे यायची, भांडायची, जेवायची आणि हलकी होऊन परतायची. आता मनात तुझंच पोर सलतं आहे, करुणा. हे घेऊन मी कोणाकडे जाऊ?